पटावर नसलेली

ऐका ना, आधी घंटाच सांगते. म्हणजे माणूस काही बोलायच्या आधी मला फोनमध्ये शाळेची घंटा ऐकू आली, लोखंडी पट्टीवर हातोडी मारल्यासारखी, आणि तिच्यामागे पोरांचा तो एकदम उसळणारा गलका, आणि मी हातातलं पेन खालीच ठेवलं. कारण मी ज्या नंबरवर फोन लावला होता तिथे घंटा वाजायचं काही कारणच नव्हतं. माझं काम तुम्हाला माहीतच आहे, हसताच तुम्ही त्यावर. शिक्षण खात्याच्या ऑफिसात बसायचं, शाळेतून गेलेल्या पोरांच्या घरी फोन लावायचे आणि विचारायचं की तुमचं पोर गेलं कुठे. या वेळी वरून हुकूम आला होता, की जी पोरं 'बदलून गेली' म्हणून लिहिलीयत, म्हणजे दाखला काढून दुसऱ्या शाळेत गेली, ती खरंच दुसऱ्या शाळेत आहेत का ते बघा. तर मी बघत होते. खुर्ची करकरते, कानाला तो हेडफोन घट्ट बसतो, दुपारपर्यंत कानाची पाळी गरम होते, आणि मी एकच वाक्य म्हणत असते, इतक्यांदा की ते माझं राहिलेलं नाही, तोंडातलं च्युइंगगम झालंय. ते मी म्हटलं, "मी शिक्षण खात्यातून बोलतेय, आपल्या पाल्याने शाळा बदलल्याची नोंद आहे, नवीन शाळेचं नाव सांगता का?" तर पलीकडून कुजबुजत, अगदी तोंडावर हात ठेवून, "मी पाल्यच बोलतेय." मला हसू आलं. म्हटलं, "बरं पाल्यबाई, मग आता कुठल्या शाळेत आहेस?" तर म्हणाली, "त्याच." म्हटलं, "त्याच म्हणजे?" "त्याच म्हणजे त्याच. मधली सुट्टी संपली, बाई आल्या, ठेवते हं." आणि ठेवला.

आता यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. टक्केकाकाही तसंच म्हणाले. टक्केकाका म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचे सीनियर, सगळं ऑफिस त्यांना टक्केकाका म्हणतं, कारण ते चहासुद्धा "अर्धा नको, साठ टक्के भर" असा मागतात. मी त्यांना सांगितलं तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "अगं, दाखला गेला की पोरगी पटावरून कमी. पटावर नाही म्हणजे शाळेत नाही." म्हटलं, "पण काका, ती शाळेत आहे, मी घंटा ऐकली." "घंटा पटावर येत नाही," ते म्हणाले, आणि मग मला समजावलं, त्यांना समजावायला आवडतं. हे बघ, म्हणाले, गळती म्हणजे काय? शाळा सोडली आणि दुसरीकडे कुठेच घातली नाही, ती गळती. बदलून गेलेलं पोर ते गळती नाही. त्याला आपण वरूनही काढतो आणि खालूनही काढतो. म्हणजे किती पोरं गळली त्यातही ते नाही, आणि एकूण किती होती त्यातही नाही. जणू ते आलंच नव्हतं. "म्हणून तर प्रमाण इतकं छान येतं," ते म्हणाले, आणि फिस्सकन हसले, आणि लगेच दाराकडे बघितलं, साहेब नाहीत ना म्हणून. मी पण हसले. पण ते वरूनही काढतो आणि खालूनही काढतो, ते कानात राहिलं. दुपारी डबा उघडला तरी ते तिथेच होतं.

कारण हे गणित मला येत होतं ना. मी ते ऑफिसात शिकलेच नव्हते, घरीच शिकले होते. माझी ताई, तुम्ही कुणी तिला बघितलेलं नाही, तिनं शेवटच्या वर्षाला शाळा सोडली होती. बाबांशी तिचं काहीतरी फाटलं, दार आपटल्याचा आवाज मला अजून येतो, त्यापुढे काय बोलणं झालं ते नाही आठवत, फक्त दाराची कडी कितीतरी वेळ हलत राहिली होती ती आठवते. आणि मग घरात ठरलं की ताई मामाकडे गेली, तिथल्या शाळेत. मामाकडे शाळा नव्हती, ताईही नव्हती, ती कुठल्यातरी शहरात शिवणाच्या कारखान्यात होती. पण शेजारच्या काकू विचारायच्या तेव्हा आई म्हणायची, "मामाकडे आहे, तिकडची शाळा चांगली." बदलून गेली. मग काकूंनी विचारणं सोडलं. मग एकदा मी बाबांचं बोट धरून कुठल्याशा दुकानात उभी होते, दुकानदार म्हणाला, "मुलं किती साहेब तुम्हाला?" आणि बाबा म्हणाले, "एकच. हीच." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात इतका जड होता. मला वाटलं मी आता दोघींची जागा धरून उभं राहायचंय, आणि मी टाचा उंच केल्या, खरंच, दुकानातून बाहेर पडेपर्यंत चवड्यांवर चालले. वरूनही काढली, खालूनही काढली. आता ताई वाढदिवसाला फोन करते, आम्ही हवेबद्दल बोलतो. तिकडे गरम आहे का, इकडेही गरम आहे.

तर मी नोंदीतला दुसरा नंबर, त्या पोरीच्या वडलांचा, तो लावला. फार गोड बोलले. "हो हो, बदलून गेली ती. म्हणजे जाणार. आम्ही सगळेच जाणार आहोत. माझी नोकरी ठरलीय ना तिकडे. सामान बांधून तयार आहे." म्हटलं, "कधी जाणार?" "आज-उद्या." म्हटलं, "दाखला काढून तर बरेच महिने झाले." तर म्हणाले, "मॅडम, सामान बांधलेलं आहे," आणि त्या आवाजावरून मला कळलं, नोकरी ठरली नव्हती, किंवा ठरून मोडली होती, आणि दाखला शाळेत परत नेऊन द्यायचा म्हणजे हे सगळ्यांसमोर म्हणायचं. ते त्यांच्याच्यानं होणार नव्हतं. असे आवाज मी ओळखते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. फाटकावरच्या वॉचमनला विचारलं, अशी अशी मुलगी, तर म्हणाला, "रोजची ना? आहे की आत. सगळ्यांच्या आधी येते ती." त्यानं तिचं नावच पाडलं होतं रोजची. मुख्याध्यापक मात्र डोळे मिटून बोलत होते. "येते, बसते. हाकलायचं का तिला? पण पटावर घेता येत नाही. दाखला परत आणा म्हटलं, वडील आणत नाहीत. नवीन प्रवेश शेवटच्या वर्षाला बंद. आणि परीक्षेची यादी पटावरून जाते." म्हणजे ती वर्षभर बसणार, आणि परीक्षेला तिचं नावच नसणार. म्हटलं, "सर, काहीच मार्ग नाही?" तर त्यांनी डोळे उघडले. "एक आहे. शाळाबाह्य मूल सापडलं तर मधूनही घ्यावं लागतं, दाखला नसला तरी. पण त्यासाठी ती आधी गळती धरायला हवी. ते तुमच्या हातात आहे, माझ्या नाही. आणि मी तुम्हाला ते सांगितलेलं नाही, कारण माझ्या शाळेची गळती वाढली तर ही शाळा शेजारच्या शाळेत विलीन करायला वरचे टपलेतच." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "चहा घेणार?"

मी चहा नाही घेतला. व्हरांड्यात उभी राहिले. वर्गाच्या खिडकीतून दिसत होतं. हजेरी चालू होती. बाई नावं घेत होत्या, पोरं हजर हजर म्हणत होती, काही नुसतं जर, काही जांभई देत. मागच्या कोपऱ्यात, मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं तिथेच, ती बसली होती, केस इतके चापूनचोपून की भांग रेघेनं आखलेला, आणि तिच्या नावाची जागा आली असणार यादीत, कारण एका क्षणाला तिची पाठ ताठ झाली आणि खांदे थोडे वर आले, जसं पाण्यात उडी मारण्याआधी येतात, आणि बाईंनी तिच्यापुढचं नाव घेतलं, आणि खांदे खाली गेले. बस, एवढंच. कुणाच्या लक्षातही आलं नाही. रोज सकाळी हे होतं, मला वाटलं, रोज तिचे खांदे वर येतात आणि खाली जातात. मला त्या व्हरांड्यात, त्या ओल्या फरशीच्या आणि खडूच्या वासात, असं एकटं वाटलं ना, की मी कुणाची आहे, मला इथे कुणी पाठवलंय, हेच आठवेना. माझी खोली आठवली. मी संध्याकाळी कुलूप उघडते तेव्हा आतला अंधार अगदी जिथे ठेवला होता तिथेच असतो.

मधल्या सुट्टीत तिला गाठलं. पाण्याच्या टाकीमागे कठडा आहे, तिथे बसलो. म्हटलं, "मी फोनवाली." तर म्हणाली, "तुमचा आवाज फोनवर जाड येतो." म्हटलं, "आणि तू फोनवर लहान वाटतेस." "मी लहान नाहीये." मी तिला सगळं सांगितलं, असं असं आहे, तुला पटावर घ्यायचं तर आधी मला तुझ्या नावापुढे 'शाळा सोडली' असं लिहावं लागेल. ती उभीच राहिली. "मी? मी शाळा सोडली? माझ्या वर्गात विचारा, ताप होता तेव्हासुद्धा आले मी. ती खिडकीतली आहे ना, ती महिन्यातून आठवडाभर गायब असते, तिचं नाव घेतात रोज. आणि मी सोडली?" म्हटलं, "अगं, नुसतं लिहायचं." "मग नुसतं लिहा ना की आहे." म्हटलं, "तसा रकानाच नाही." "का नाही?" आता काय सांगू तिला? टक्केकाकांसारखं समजावायला गेले, वरून काढतो, खालून काढतो, तर ती म्हणाली, "तुम्ही मला काढून टाकलंत, आणि आता परत यायला मीच निघून गेले असं म्हणू?" मी म्हटलं, "हो." ती खूप वेळ चपलेनं माती उकरत होती. मग म्हणाली, "परीक्षेला बसता येईल नक्की?" म्हटलं, "यादी जायच्या आत झालं तर नक्की." "मग लिहा," ती म्हणाली, "पण बाबांना कळता कामा नये की मी सोडली असं कुणी म्हटलं. त्यांना वाटेल त्यांच्यामुळे." आणि घंटा झाली तशी पळाली, सगळ्यांच्या आधी.

मी लिहिलं. टक्केकाका माझ्या खांद्यावरून बघत होते. "तू मुद्दाम आकडा बिघडवतेस," म्हणाले. म्हटलं, "हो." म्हणाले, "साहेब विचारतील." म्हटलं, "विचारू दे." मग हळूच म्हणाले, "पुढचं माहीत आहे ना? शाळेचं कुणीतरी घरी गेल्यावर पोर घरी सापडायला पाहिजे. घरी, किंवा कामावर. शाळेत सापडलेलं चालत नाही." आणि हे मला खरंच माहीत नव्हतं. मी हसायलाच लागले, अशी हसले की डोळ्यांत पाणी, आणि काका घाबरले. म्हणजे बाई ज्या वर्गातून निघणार त्या वर्गात ती बसलेली असणार, आणि बाई तिच्या घरी जाणार, आणि घराला कुलूप, आणि बाई लिहिणार, सापडली नाही. मी तिला फोन केला. "बाई घरी येतील तो एक दिवस शाळेत जाऊ नकोस," म्हटलं. तर म्हणाली, "एकटी बसू घरी?" आणि मी कधी म्हणून बसले ते कळलंच नाही, "मी येते."

ऑफिसात मी कुणाला सांगितलं नाही. रजा टाकली नाही, काही नाही, त्या दिवशी सकाळी उठून ऑफिसच्या उलट्या दिशेला चालायला लागले. त्यांचं घर म्हणजे दोन खोल्या, जिना अरुंद. आई-वडील कामावर गेलेले. आणि आत, अरे, काय सांगू, सगळं बांधलेलं. भिंतीला खोके लागलेले, दोऱ्या आवळलेल्या, गाद्यांच्या वळकट्या. एका खोक्यातून एक पातेलं, दोन ताटल्या काढतात, धुतात, परत आत ठेवतात आणि दोरी बांधतात, असं तिनं सांगितलं, "बाबा रात्री परत गाठ मारतात, मी सैल मारते म्हणून." भिंतीवर घड्याळाच्या जागी घड्याळाएवढा पांढरा गोल. उघडं होतं ते फक्त तिचं दप्तर. ती युनिफॉर्म घालूनच बसली होती. म्हटलं, "अगं, तू शाळाबाह्य आहेस, युनिफॉर्म काढ." तर लाजली, आणि आत जाऊन बदलून आली, एक ढगळ फ्रॉक, त्यात ती खरंच लहान दिसायला लागली, आणि मला वाईट वाटलं की मी काढायला लावला.

मग आम्ही वाट बघत बसलो. खोक्यांवर बसलो, कारण खुर्च्याही बांधलेल्या. ती म्हणत होती, आता मराठीचा तास असेल, आता पी.टी., आता ते माझ्या पुढच्या बाकावरचे भांडत असतील. बाहेर जिन्यात पावलं वाजली की दोघी गप्प. पावलं वर निघून जायची. ती म्हणाली, "तुमच्या घरी कोण कोण असतं?" म्हटलं, "मी एकटीच राहते." "आणि भाऊ-बहीण?" आणि माझ्या तोंडात एकदम बाबांचं वाक्य आलं, तयारच होतं, एकच, मीच, इतकं तयार की मला त्याची चव लागली, धातूसारखी. मी म्हटलं, "एक ताई आहे." "कुठे?" "शिवणाच्या कारखान्यात. शेवटच्या वर्षाला शाळा सोडली तिनं." हे वाक्य मी कधी मोठ्यानं म्हटलेलं नव्हतं. त्या रिकाम्या भिंतींवर ते फार मोठं ऐकू आलं. ती म्हणाली, "तिला शोधायला कुणी आलं नाही?" मी खोक्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. म्हटलं, "तेव्हा असं नव्हतं गं." पण तेव्हाही असंच होतं, नियम तोच होता. कुणीतरी कुठेतरी लिहिलं असणार, बदलून गेली. आणि मी लहान होते, मला वाटायचं मामाकडे खरंच शाळा असेल, मोठं मैदान असलेली.

दुपार उतरली. ती म्हणाली, "आता सुटली शाळा." खाली रस्त्यावरून पोरं ओरडत जायला लागली, आणि ती खिडकीपासून मागे सरकली, कुणी बघू नये म्हणून. मग कितीतरी वेळाने जिन्यात धापा टाकत बाई आल्या. वर्गशिक्षिका. हातात पिशवी, पदरानं मान पुसत. "आहेस ना बाई घरी? बरं झालं. काय तो जिना!" खोक्यावर बसल्या, कागद काढला. घरी सापडली, लिहिलं. शाळेत यायची इच्छा आहे का, असा प्रश्न होता त्यात, तो त्यांनी वाचला आणि तिच्याकडे बघितलं आणि दोघींना हसू फुटलं. "लिहू का हो?" "लिहा ना बाई." सही झाली. उद्यापासून पटावर. मला वाटलं ती उडी मारेल. पण ती फ्रॉकची कड मुठीत धरून उभी होती, आणि म्हणाली, "बाई, आज मी नाहीये हे तुमच्या कधी लक्षात आलं? पहिल्या तासाला की नंतर?"

बाईंचं पेन थांबलं. मग म्हणाल्या, "पहिल्याच. फळ्याकडून वळले आणि म्हटलं, आज कोपरा मोकळा कसा? असं चुकल्याचुकल्यासारखंच झालं मला." पोरीचा चेहरा! मी कुणाचा चेहरा असा उघडताना बघितला नाही. तिनं नुसतं "हो?" म्हटलं आणि आत पळाली, पाणी आणायला म्हणून, आणि आत दोरी सोडल्याचा आवाज आला, खोकं उघडल्याचा, पेले काढल्याचा.

जिना उतरताना मी बाईंना म्हटलं, "बरं झालं तुमच्या लक्षात आलं." बाई एक एक पायरी बघत उतरत होत्या. "छे हो, आज माझा त्या वर्गावर तासच नव्हता. परीक्षेच्या कामात होते दिवसभर. हजेरीसुद्धा दुसऱ्यांनी घेतली." मग खाली आल्यावर, श्वास घेत, "पण तिनं विचारल्यावर काय सांगायचं?" आणि पिशवी या हातातून त्या हातात घेऊन गेल्या. मी चालत खोलीवर आले. रस्ता नेहमीचाच, पण सगळ्या खिडक्यांत दिवे लागलेले आणि प्रत्येकीत कुणीतरी कुणालातरी काहीतरी विचारतंय असं वाटत होतं. मला तिच्यासाठी इतका आनंद झाला होता, खरंच, आणि त्या आनंदाचं काय करायचं कळत नव्हतं, तो कुणाला नेऊन द्यायचा. फोन काढला. ताईचा नंबर बघितला. हवेबद्दल काही सुचेना. ठेवून दिला.

सकाळी ऑफिसला गेले तर मनात सगळं तयार, काल का नव्हते, कुठे होते, साहेबांना काय, काकांना काय. टक्केकाका चहा ढवळत होते. मी खुर्चीत बसले, खुर्ची करकरली. काही नाही. शेवटी मीच म्हटलं, "काका, काल..." तर म्हणाले, "हां, काल साहेब येऊन गेले, तू जागेवर नव्हतीस, मी म्हटलं आत्ताच उठली, पाणी प्यायला गेली असेल." म्हटलं, "सकाळी?" "दुपारी गं. सकाळी तर तू होतीस की. मी चहा विचारला, तू नको म्हणालीस." खोटं बोलत नव्हते ते, मला सांभाळूनही घेत नव्हते, त्यांना खरंच आठवत होतं, मी नको म्हणाले ते. त्यांनी हजेरीचं मस्टर सुद्धा सरकवलं माझ्याकडे, "सही राहिलीय बघ तुझी कालची, विसरतेस." मला वाटलं, सांगावं, मी नव्हते काका, दिवसभर नव्हते, मी एका बांधलेल्या घरात खोक्यावर बसले होते. मी सही केली. मग हेडफोन कानाला लावला आणि आधी तिच्या नावापुढे 'पटावर घेतली' असं भरलं, दोनदा तपासलं, आणि काकांना म्हटलं, "काका, आज विचारा ना चहा." ते म्हणाले, "अगं, आत्ताच तर विचारला."